मोठ्याने मोज

"मोठ्याने मोज," मुकादम दाराबाहेरून म्हणाला. "मला ऐकू आलं पाहिजे."

ती मोजत होती. कोल्ड स्टोरेजची चार नंबरची खोली. दोन्ही बाजूंना छतापर्यंत सफरचंदांच्या पेट्या, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. पेट्या मोजत पार टोकाच्या भिंतीपर्यंत जायचं, तिथलं तापमान वाचायचं आणि मोजतच परत यायचं. तोंड मिटायचं नाही. ती बाहेर आली की मग बाकीचे आत शिरणार, पेट्या काढणार. रोज सकाळी एक खोली. तिचं काम एवढंच.

काम अवघड नव्हतं. माणसं अवघड होती.

सगळे तिला 'नवी' म्हणत. नवीला बोलवा, नवी आली का, नवीला पट्टा द्या. हा जाड कापडी पट्टा फक्त तिलाच होता. कमरेला आवळायचा, मागे एक लोखंडी कडी. कडी कशाला, ते कुणी सांगितलं नाही. घरची किल्ली अडकवायला बरी पडते म्हणून तिने स्वतःची समजूत काढली.

पहिल्या दिवशी काटेवाला, म्हणजे पेट्यांचं वजन करणारा, तेवढा बोलला होता. "दारं महिनोन्महिने बंद असतात. आतली हवा इतकी विरळ राखतात की फळं झोपून राहतात. दार फार वेळ उघडं टाकलं की जागी होतात."

"मग माझीही गादी तिथेच टाका," ती म्हणाली होती. "घरी वहिनी झोपू देत नाही."

कुणी हसलं नाही. फळं निवडणाऱ्या मावशी तर उठून हात धुवायला गेल्या, हात कोरडे ठणठणीत असताना. काटेवाल्यानेही त्यानंतर तिच्याकडे पाहायचं सोडलं.

जेवणाच्या सुट्टीत ती बाकाच्या टोकाला बसे. तिच्यात आणि दुसऱ्यात दोन माणसांची जागा नेहमी रिकामी. ती बसली की गप्पा थांबत. डबा उघडला की सगळ्यांना अचानक भिंतीवरच्या कॅलेंडरात रस वाटू लागे. अंगाला वास येतो की काय म्हणून तिने घरी जाऊन साडीचा पदर हुंगून पाहिला.

"दोन नोकऱ्या सोडल्यात, वन्सं," वहिनी भांडी पुसता पुसता म्हणाली. "पहिल्या ठिकाणी बाई खडूस, दुसऱ्या ठिकाणी जिना उंच. इथे काय?"

"इथे कुणी बोलत नाही."

"मग बरंच की. आम्हाला तरी असं घर कुठे मिळतंय?"

भाऊ पेपरात तोंड घालून बसला होता. तोंड तिथेच ठेवून त्याने पान उलटलं.

तिने मनाशी ठरवलं. महिना काढायचा. महिना भरला की नोकरी पक्की, आणि पक्क्या माणसाला आवारातल्या चाळीत खोली. स्वतःची खोली, स्वतःचं कुलूप. वहिनीच्या हॉलमधल्या सोफ्यावर घडी करून ठेवलेली चादर नाही. त्यासाठी माणूस तीस दिवस मुक्यांमधे राहू शकतो.

अठराव्या दिवशी सहा नंबरच्या खोलीत तिच्या चपलेचा अंगठा तुटला. ती खाली वाकली, अंगठा आत खुपसू लागली. मोजणं थांबलं. क्षणभरच. बाहेर धावपळ ऐकू आली, कुणीतरी कुजबुजत कुणाला तरी मागे ओढत होतं.

"एकशे बारा," ती म्हणाली.

ती बाहेर आली तर सगळे भिंतीला पाठ लावून उभे. मुकादमाच्या हातात झाडावरची फळं काढतात तसली लांब आकडी. एवढ्या गारठ्यात त्याच्या कपाळावर घाम.

"गप्प का झालीस?"

"चप्पल तुटली."

"तुटू दे. मोजणं तुटायला नको." तो दूर जाऊन पाठमोरा उभा राहिला.

एवढ्याशा गोष्टीचा केवढा राग, असं म्हणून ती संडासात जाऊन रडून आली. संध्याकाळी मात्र बाकावर तिच्या जागी नव्या चपलांचा जोड होता, तिच्याच मापाचा. कुणी ठेवला ते कुणी सांगितलं नाही.

महिना भरला त्या सकाळी मुकादमाने तिच्याकडून पट्टा मागून घेतला. "आजपासून आत जायचं नाही. मावशींबरोबर निवडायला बस." मग खिशातून एक किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. चाळीतली, कोपऱ्यातली खोली. "उजेड चांगला आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला.

मावशी बाकावर सरकल्या. कपात चहा ओतून तिच्यापुढे केला. "नाव काय गं तुझं?"

तिने सांगितलं. मावशींनी ते दोनदा म्हणून पाहिलं. "छान आहे. आमच्या थोरल्या जावेचं हेच." काटेवाल्याने स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी तिच्या झाकणात ठेवली. कुणीतरी वहिनीचं विचारलं, झोपू देते का अजून, आणि सगळे त्या महिनाभर जुन्या विनोदावर खळखळून हसले. तीही हसली. उगाच आपण माणसांना नावं ठेवली.

तेवढ्यात तिला दाराशी उभी असलेली बाई दिसली. तिशीची असेल. नवा कोरा डबा छातीशी धरलेला, कमरेला पट्टा, आणि चेहऱ्यावर ते सगळं, जे आपण आरशात महिनाभर पाहिलं. कुणी तिला बस म्हणत नव्हतं.

आपल्यावर आलं ते हिच्यावर येऊ द्यायचं नाही. ती कप घेऊन उठली. "हिला चहा देते आणि नाव विचारून येते."

मावशींनी तिचं मनगट धरलं. घट्ट.

"चहा दे. नाव विचारू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "मग आत पाठवताना जड जातं. तुझ्याआधी दोघी आतच राहिल्या. त्यांची नावं मी विचारली होती."