सेव्ह करायचं राहिलं

"राहिलं म्हणजे काय, दादा? राहिलं म्हणजे काय?"

बहिणीचा आवाज रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये घुमला. हेडफोन गळ्यात अडकवून बसलेल्या ऑपरेटर बायका तिच्याकडे बघत राहिल्या. दुसरं करायला काही नव्हतंच. सकाळी वीज जरा वेळ गेली, बॅकअपच्या बॅटरीने दगा दिला, वीज परत आली, पण खोलीतले सगळे फोन मुके झाले ते झालेच.

दादा भिंतीतल्या कपाटाशी मान खाली घालून उभा होता. खोलीतल्या प्रत्येक फोनची लाइन ज्यातून जायची ते स्विच नावाचं यंत्र त्या कपाटात होतं, आणि ते गेल्याच आठवड्यात दादाने बसवलं होतं. सेटिंग भरायच्या आणि शेवटी सेव्ह करायचं. तेवढं केलं नाही, तर वीज असेपर्यंत सगळं झकास चालतं. वीज गेली की यंत्र सगळं विसरून कोरं होऊन उठतं. दादा या धंद्यात तिच्या आधी आला होता. तिला हे शिकवलं होतं त्यानेच.

"एक माणूस ओरडत होता," जवळची ऑपरेटर म्हणाली. "बाबा श्वास घेत नाहीत म्हणत होता. मी पत्ता विचारला आणि लाइन गेली. कॉम्प्युटरची स्क्रीनही गेली. नंबरसुद्धा राहिला नाही."

बहिणीच्या अंगाची लाही लाही झाली. लॅपटॉप जोडून तिने कळा बडवत सेटिंग परत भरल्या, सेव्ह केल्या. फोनवरचे दिवे लागले.

मागे रक्तपेढीत हेच झालं होतं. त्याआधी एका शाळेत. दादाने विसरायचं आणि हिने धावत जाऊन निस्तरायचं. गिऱ्हाइकं आता थेट सांगायची, मॅडमलाच पाठवा. घरी आई म्हणायची, याचं लक्ष कुठे असतं कोण जाणे, आणि हीसुद्धा हसायची. आज तिला त्या हसण्याचाही राग आला.

"बास झालं," ती म्हणाली. लाइन तपासायची होतीच. तिने ऑपरेटरच्या टेबलावरचा रिसीव्हर उचलला आणि दोघं जिथे नोकरीला होते त्या कंपनीच्या साहेबांचा नंबर फिरवला.

"साहेब, मी बोलतेय. कंट्रोल रूमचे फोन सुरू झालेत. पण दादाला आजच्या आज काढा. इथल्या अधिकाऱ्यांना मी स्वतः सांगणार आहे, चूक आमच्या माणसाची आहे म्हणून."

"ए, वेडी झालीस का?" साहेब खेकसले. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "तो विसरत नाही गं. सेव्ह करू नको असं मीच सांगतो त्याला. वीज जाते, गिऱ्हाईक घाबरतं, तू धावून जातेस. ते आपल्याला सोडून जात नाही. तुझं एवढं नाव झालं ते कशाच्या जोरावर? तोंड बंद ठेव आणि ऑफिसला ये."

तिने दादाकडे पाहिलं. साहेबांचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू एक दिवस राहिली नसतीस कंपनीत," तो पुटपुटला. "आणि मला वाटायचं, फोनच तर बंद पडतात."

त्याच्या कानाखाली जाळ काढावा असं तिला वाटलं. पलीकडे साहेब हॅलो हॅलो करत होते. रक्तपेढीतल्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिचे आभार मानले होते, ते तिला आठवलं. तिने रिसीव्हर तोंडाशी नेला.

"ऐकतेय, साहेब. मी कंट्रोल रूमच्या फोनवरून बोलतेय. इथला शब्द न् शब्द रेकॉर्ड होतो. माझंही नाव आलंय त्यात. येऊ दे."