बसती माती

पेटीचं लाकडी झाकण सहज निघालं, पण आत डाख देऊन बसवलेला जस्ताचा पत्रा होता. तो कापायला माणिकप्पानं अर्धापुरातून पत्र्याची कात्री मागवली. हैदराबादच्या विमानतळावरून शववाहिका घेऊन आलेला ड्रायव्हर केळीच्या सावलीत उकिडवा बसून तंबाखू मळत होता. पत्रा उलगडला तसा माणिकप्पाचा पुतण्या दिसला. अमरेश. अंगात काळा कोट, गळ्यात टाय, छातीवर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवलेली. सरळ, ताठ, उताणा.

खड्डा चौकोनी होता. माणिकप्पानं स्वतः उभं राहून खणून घेतला होता, पुरुषभर खोल, आणि एका भिंतीत मांडी घालून बसता येईल एवढी बैठक कोरून घेतली होती. लिंगायताचं घर ते. या मळ्यात आजा, पणजा, सगळे बसलेले. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन. निजवून माती इथं कुणालाच दिली नव्हती.

त्यानं पोराच्या गुडघ्याखाली हात घालून बघितला. पाय वाकेना. जंगमस्वामी जवळ येऊन हळूच म्हणाले, "औषधं भरत्यात तिकडं. जोर लावलास तर मोडंल."

"सोड," वीरण्णा म्हणाला. वीरण्णा म्हणजे माणिकप्पाचा थोरला भाऊ, पोराचा बाप. सकाळपासनं तो एवढंच बोलला.

घरची केळी सोडून हे पोरगं ऑस्ट्रेलियात केळीचे घड वाहायला निघालं, तेव्हा माणिकप्पानंच त्याची टर उडवली होती, की अरं, इथं काय बाभळी लावल्यात का आपण? अमरेश हसला होता. केळी नुसतं निमित्त, मुलुख बघायचाय म्हणाला होता. आणि बघितलाही. आठवडाभर खांद्यावर घड, सुट्टी लागली की पाठीवर पिशवी. कधी फोनवर कुंकवासारखी लाल माती दाखवायचा, कधी झाडांच्या मुळापर्यंत आलेला समुद्र. वीरण्णा मोटार बंद करून यायचा तेवढ्यासाठी. दोघं भाऊ बांधावर बसून दुसऱ्याचा देश बघायचे.

शेवटचा फोन एका धबधब्यावरनं आला. तिथले मूळचे लोक म्हणे पाण्यात उतरायच्या आधी पाण्याला आपलं नाव सांगतात. मग पाणी परकं मानत नाही.

"मीबी सांगितलो, काका," अमरेश म्हणाला होता. "अमरेश वीरण्णा, अर्धापूर."

पाण्यानं नाव ऐकलं असंल. दुसऱ्या दिवशी पाणबुड्यांनी त्याला वर काढलं.

आता माणसं बोलून राहिली होती. कुणी म्हणे कोमट पाणी ओता, कुणी म्हणे काळ बदलला, निजवा. वीरण्णा कुणाकडंच बघत नव्हता. शेवटी स्वामींनीच सांगितलं, की शिव काय मांडी बघून घेत न्हाई, खड्डा लांब करा. लांब करायचा तर मधे केळीची ओळ होती, घड लटकलेली. माणिकप्पानं विळ्यानं ती आडवी केली. गडी खणायला लागले.

पोराच्या गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या सामानाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत आलं होतं. स्वामींनी ते काढलं, पण डावा तळहात काही उघडेना. मग गुंतलेल्या बोटांवरच ठेवून वरनं फडकं बांधलं.

वीरण्णानं चपला काढल्या आणि तो खड्ड्यात उतरला. खालून धरायला कुणीतरी लागतंच. तो कोरलेल्या बैठकीत गेला, मातीला पाठ लावून मांडी घालून बसला. वर दोन्ही हात केले.

"द्या," म्हणाला. "डोकं माझ्याकडं."

चौघांनी चादरीच्या झोळीतनं अमरेशला खाली सोडलं. वीरण्णानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. टाय सोडवली, गळ्याशी आवळलेलं बटन काढलं, कपाळावर विभूतीची बोटं ओढली. वरून बेलपानं पडली. स्वामींचा मंत्र सरला. गड्यांनी फावडी भरली.

वीरण्णा उठेना.

"अण्णा, चल वर," माणिकप्पा म्हणाला. काठावर गुडघे टेकून त्यानं हात खाली दिला. वीरण्णाचे डोळे मिटलेले होते. पोराचे बांधलेले हात त्यानं आपल्या डाव्या तळहातावर घेतले होते. गडी एकमेकांकडं बघत राहिले. स्वामी दुसरीकडं बघत राहिले.

अमरेशची आई मल्लम्मा लांब, बायांच्या घोळक्यात बसली होती. तिथनं तिला खड्ड्यातलं काही दिसत नव्हतं.

"बसवलं का ओ, भावजी?" तिनं विचारलं.

माणिकप्पानं खाली बघितलं.

"बसवलं, वैनी."