पासपोर्ट कुणाकडे

"पासपोर्ट कुठं आहे तुझा?"

इलियासने मुलाला पहिलं हेच विचारलं. आफताब निळ्या जर्सीत मैदानाच्या जाळीपाशी आला होता. इलियासची बायको नूरी वारली, त्या वेळच्या भेटीनंतर बापलेक आज पहिल्यांदा समोरासमोर येत होते.

"अब्बा, सलाम तरी घ्या."

"वालेकुम सलाम. पासपोर्ट?"

"मॅनेजरकडं. सगळ्यांचेच त्यांच्याकडं आहेत."

इलियासने हातातला डबा खाली ठेवला.

भारताचा रग्बी लीगचा संघ पहिल्यांदाच देशाबाहेर खेळायला आला होता. आज दोह्यात मॅच, उद्या सकाळी मस्कतचं विमान. आफताबने फोनवर हे कितीदा तरी सांगितलं होतं. पण इलियासला ते पटत नव्हतं. इलियास रास लफानच्या गॅस कारखान्यात कामाला होता; तिथं त्याच्या खोलीत राहणाऱ्या कासमने त्याला एक किस्सा ऐकवला होता. कुठलीशी टीम आली, नवे बूट, नवे कपडे. एक मॅच खेळली. मग एजंटाने पासपोर्ट कपाटात टाकले आणि ती पोरं इथल्याच मदिनत अश शमाल गावच्या हॉटेलात भांडी घासायला लागली.

"पाय वर कर."

"काय?"

"बूट बघू दे तुझे."

आफताबने जाळीला धरून पाय वर केला. बुटाचे खिळे एका बाजूने झिजले होते. इलियासने मग त्याच्या कानाकडे बघितलं. कान सुजून घट्ट झाला होता.

"हा कधी फुटला?"

"भुवनेश्वरला. समोरच्याला पाडताना."

इलियासने जाळीतून बोट घालून कान दाबला. कान खरा होता. पोरगा खरंच खेळत होता, खोटं बोलत नव्हता. राहिला मॅनेजर.

"बोलव त्याला."

मॅनेजर रंगनाथ सांगलीकडचा होता. गळ्यात शिट्टी, कमरेला बांधलेली पिशवी. डबा बघून तो खूश झाला.

"काय चाचा, बिर्याणी आणलीत काय?"

"सांदणं आहेत. पोराचा पासपोर्ट द्या."

"अहो, सतरा पोरं आहेत माझी. एकजण मुंबईच्या विमानतळावर बोर्डिंग पास संडासात विसरला. सांभाळायला म्हणून घेतलेत सगळे."

"माझ्या कंपनीनं पण सांभाळायलाच घेतला होता."

"म्हणजे?"

"द्या सर," आफताब हळू आवाजात म्हणाला. "अम्मी गेली तेव्हा यांचा पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत होता. शुक्रवार होता. चावीवाला सुट्टीवर."

"तिची माती यानं केली," इलियास म्हणाला. "मी पोचलो तोवर कबरीवरचं पाणी पण सुकलं होतं."

रंगनाथने पिशवी उघडली, एक पासपोर्ट काढला, फोटो बघितला आणि आफताबच्या हातात दिला.

"घे. पण ठेवणार कुठं? तुझ्या चड्डीला खिसा नाही."

इलियासने जाळीच्या फाटकातून हात पुढे केला. आफताबने पासपोर्ट त्याच्या हातावर ठेवला, पण सोडला नाही.

"अब्बा, सकाळी विमान आहे."

"ठाऊक आहे."

"परवा फोनवर तुम्ही म्हणत होतात, रास लफानला जागा निघालीय. आता हिथंच राहा म्हणून."

"म्हणालो होतो."

"मग?"

"मग काय? बापावर विश्वास नाय?"

"तुमचा मॅनेजरवर होता?"

रंगनाथ मैदानात परतला होता; तिथून शिट्टी वाजली. "आफताब, यल्ला, चल!" रंगनाथ ओरडला. आफताबने पासपोर्ट सोडला. इलियासने तो शर्टाच्या वरच्या खिशात घातला आणि बटण लावलं.

प्रेक्षकांच्या बाकांवर, बरोबर आलेल्या कासमने त्याची जागा धरून ठेवली होती.

"हा खेळ कसला रे? सोललेला नारळ काखेत मारून पळतात, आणि बाकीचे त्यांच्या अंगावर पडतात."

इलियास खाली बसला. कासमने आवाज खाली आणला.

"मिळाला?"

इलियासने खिसा दाखवला.

"शाबास. आता देऊच नको. पोरगा जातो कुठं? रडेल दोन दिवस, मग लागेल कामाला. तुझं एकट्यानं जेवायचं खलास."

इलियासने खिशाचं बटण काढलं, परत लावलं. सांदणांचा डबा जाळीपाशीच राहिला होता, हे त्याला आता आठवलं. नूरी करायची तशी नव्हती ती. दोह्यातल्या अल सद्द भागातल्या एका घरातून करून घेतली होती.

मैदानावर दोन्ही संघ ओळीत उभे राहिले. राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे उठले. इलियास उठला आणि त्याचा हात आपोआप खिशावर गेला.

मागच्या रांगेत एक तरुण आपल्या बायकोबरोबर उभा होता. तो पुढे वाकून कुजबुजला, "काका, आपल्यात छातीवर हात ठेवत नाहीत. हात खाली, सरळ उभं राहायचं."

इलियासने ऐकलं. हात काढला नाही.

खाली तेरा पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी होती. बारा जण झेंड्याकडे बघत गात होते. तेरावा गात नव्हता. तो बापाच्या हाताकडे बघत होता.