दिवाबत्तीची खोली

"ही आडवी भिंत पाडली की झालं काम," असं म्हणत खुशालरावांनी शेडच्या फरशीवर चुन्याची रेघ ओढली. "पलीकडच्या खोलीत सामान. इथं लेथ. मधात इंजिन. पानी पडायच्या आत सारं छपराखाली."

शेषराव रेघेकडे बघत राहिले. ती थेट मनकर्णाबाईंच्या दारापर्यंत गेली होती.

अकोल्याबाहेरची ती जिनिंग बंद पडली, तेव्हा मालकाने कापसाच्या गाठी वाहणारं छोटं इंजिन, मैलभर रूळ आणि ही शेड गावाच्या हवाली केली होती. भंगारात घालण्यापेक्षा आपणच सांभाळू, म्हणून पाच-सात जण पुढे आले. दर रविवारी श्रमदान चाले. सणावाराला पोराबाळांना बसवून गाडी फिरे. खुशालराव निवृत्त ओव्हरसियर, मापं त्यांच्याकडे. देवमन सुतार. इंजिन मात्र एकट्या शेषरावांच्या हातचं. जिनिंगच्या काळात तेच चालवत. आता, चौसष्ट सालीही, दुसऱ्या कोणाला ते वाफेवर आणता येत नव्हतं.

अडचण जागेची होती. शेड इंजिनाला तोकडी पडे, म्हणून ते उघड्यावरच उभं असे. सुटे भाग ताडपत्रीखाली गंजत होते. कोणीतरी दान दिलेला, लोखंड कातायचा लेथ लिंबाखाली उभा होता. शेडला लागून एकच पक्की, कोरडी खोली होती, पूर्वीची दिवाबत्तीची. तिथे जिनिंगमधल्या श्रावणच्या मागे त्याची बायको मनकर्णाबाई एकट्या राहत होत्या.

"बाईले कुठं धाडता?" शेषरावांनी विचारलं.

"सत्यभामा हाय ना अंजनगावले. नर्स हाय पोरगी. क्वार्टर भेटलं तिले."

"लेकीकडं त्याइले करमत नाही."

"तुमी इचारलं का त्याइले?"

"इचारायचं काय त्यात? मले मालूम हाय."

मालूम होतंच. गेल्या साली बाई लेकीकडे गेल्या होत्या. शेषरावांना घास गिळेना. शेवटी तुरीच्या डाळीची थैली घेऊन ते मोटारीने अंजनगावला गेले आणि क्वार्टरच्या दारात उभे राहिले. "माह्यावर राग धरून तं नाही ना आल्या, बाई?" त्यांनी विचारलं. बाईंनी चहा दिला. आठवडा उलटायच्या आत ट्रंक घेऊन त्या खोलीवर परत आल्या. त्यांचं मन इथेच आहे, हे शेषरावांनी तेव्हाच ओळखलं.

श्रावण डबे जोडायचा. जोडणाऱ्याने बाहेर येऊन इंजिनाच्या पत्र्यावर दोन थापा मारायच्या, मगच ड्रायव्हरने गाडी हलवायची, अशी जिनिंगची रीत होती. त्या सकाळी माल निघायची घाई होती. शेषरावांनी एक थाप ऐकली आणि दुसरी ऐकली असं धरून गाडी हलवली. श्रावण अजून डब्यांच्या मधेच होता.

चौकशीत तो अपघात ठरला. शेषरावांना कोणी एक शब्द बोललं नाही. बाईही बोलल्या नाहीत, आणि तेच त्यांना जड गेलं. मालकाशी भांडून त्यांनी ही खोली बाईंना मिळवून दिली. तेव्हापासून ते दर आठवड्याला दारात जात. कधी ज्वारी नेत, कधी सरपण. आत पाऊल टाकत नसत. उंबऱ्याबाहेरून विचारत, "काही कमी तं नाही ना, बाई?"

"काही नाही, भाऊ," आतून उत्तर येई. तेवढ्या उत्तरावर त्यांचा आठवडा निघे.

"म्हणजे बाई कोरड्यात आन् इंजिन पान्यात," देवमन हसला. "शेषरावजी, इंजिनाले एक छत्री तरी घेऊन द्या मंग."

बाकीचे हसले. शेषराव हसले नाहीत.

"हात वर करायचे तं करा," ते म्हणाले. "पन खोली घेतली तं इंजिन दुसऱ्यानं चालवावं. मी शेडीत पाय ठेवणार नाही."

खुशालराव हाताचा चुना धोतराला पुसत जवळ आले.

"हट्ट नका करू शेषराव. कधी कधी आपुन दुसऱ्यासाठी करून राहिलो म्हणतो, आन्..." ते अडखळले. इकडेतिकडे बघितलं आणि पुढचं गिळून टाकलं.

"आन् काय?"

"काही नाही."

हात कोणीच वर केला नाही. खुशालरावांनी वहाणेने रेघ पुसली. सामान देवमनच्या गोठ्यात जायचं ठरलं. लेथवर टिनाचे चार पत्रे टाकायचे. इंजिन यंदाही उघड्यावर. दुरुस्तीच्या कारखान्याचं पुढे बघू.

शेषराव तसेच बाईंच्या दाराशी गेले. कितीतरी वर्षांत त्यांचं पाऊल इतकं हलकं पडलं नव्हतं.

मनकर्णाबाई गोधडीची घडी घालत होत्या. ट्रंक उघडी होती. कपड्यांना ऊन दाखवायचं असेल. भिंतीवरची बुद्धाची तसबीर पुसायला खाली उतरवलेली दिसत होती.

"बाई, आता बिनघोर राहा," शेषराव उंबऱ्याबाहेरून म्हणाले. "खोली घ्यायची म्हणत होते. मी घेऊ देली नाही. आता जलमभर तुमचीच."

बाईंचे हात थांबले.

"सारे कबूल झाले?"

"झाले ना. म्या सांगतलं, खोली घ्याल तं इंजिन सोडतो."

"खुशालरावबी?"

"तेबी. त्याइच्याच डोक्यातून निघालं होतं हे खूळ. तुमाले बेघर करायले निघाले होते. आता भेटले की चांगलं सुनावतो."

बाईंनी गोधडी हळूच खाली ठेवली. मग त्या दारापर्यंत आल्या.

"त्याइले काही बोलू नका, भाऊ," त्या म्हणाल्या. "खोली मागा म्हणून मीच त्याइच्या पाया पडली होती."