लाइट आल्यावर

लाइट आली आणि गल्लीत नेहमीची आरोळी उठली. घरातल्या म्हाताऱ्या दोन्या नूरिसने घाईघाईने सगळी बटणं एकदम दाबली. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं म्हणून ठेवलेल्या प्रार्थनेला पाहुणे जमले होते, त्याचं आवडतं गाणं आतल्या खोलीतल्या डिस्कवर होतं, आणि ते तिथून घेऊन वाजवणारा टीव्हीखालचा डबा पुन्हा तेच दाखवत होता : नेटवर्क नाही.

"आजी, परत सगळं एकदम लावलंस ना?" नात योकास्ता डब्यापुढे गुडघ्यांवर बसली. "हा लगेच जागा होतो, राउटरला मात्र वेळ लागतो. हा एकदाच हाक मारतो. उत्तर आलं नाही, की घरात कोणी नाही असं समजून गप्प बसतो."

"तुझ्या बापावर गेलाय," नूरिस फणकारली.

वडिलांच्या मयतीच्या दिवशी भांडून गेलेला नूरिसचा मुलगा, योकास्ताचा बाप एलिहिओ, अजून आला नव्हता. सकाळी लाइट नसल्याने तिचा फोन बंद पडला होता, नेमका तेव्हाच त्याने एकदा फोन केला होता. मध्ये थोडा वेळ लाइट येऊन फोन चालू झाला, तेव्हा आलेल्या मेसेजवरून तिला ते कळलं. गरज असेल तर करेल पुन्हा, म्हणून तिने फोन उशीखाली सारला होता.

"मग आता काय करायचं?" नूरिसने विचारलं.

"राउटर लागला की आपणच याला उठवायचं. हा आपणहून पुन्हा नाही विचारणार."

नूरिस आत जाऊन फोन घेऊन आली.

"पाहुण्यांना आल्याचा चहा दे," नंबर लावत ती म्हणाली. "आणि प्रार्थना सांगणाऱ्या बाईंना म्हणावं, जरा थांबा. एलिहिओ येतोय."

पलीकडे अजून नुसती रिंग वाजत होती.