चार पौंड कमी

शर्यतीची गाडी भरधाव निघून ट्रॅकच्या पहिल्या वळणाआड गेली, तेव्हा मामा फळ्यावर सही करत होते. चारही चाकांसमोर अठ्ठावीस पौंड आणि खाली सही. ज्याने हवा भरली त्यानेच सही करायची, ही या गॅरेजची रीत. बावीस वर्षं त्या फळ्यावर दुसऱ्या कोणाची सही उमटली नव्हती.

सगळं गॅरेज त्यांना मामा म्हणे. पण सख्खे मामा ते एकटीचेच, आता गाडी घेऊन गेली तिचे.

सकाळी टायरवरून टीमच्या साहेबांशी चांगलीच जुंपली होती. साहेबांना कडक टायर हवे होते, जास्त फेऱ्या टिकणारे. मामा हटून बसले. रस्ता गार आहे, कडक रबर तापायच्या आधीच गाडी फेकेल, मऊच लावा. मऊ टायरची एकच अट होती, आणि ती मामांनीच सगळ्यांना ऐकवली होती: गार असताना अठ्ठावीस. सत्तावीसच्या खाली गेलात तर लांब सरळ रस्त्याच्या टोकाच्या वळणावर टायर दुमडेल, रिंग सोडेल.

"पुढच्या महिन्यात चाकांत सेन्सर बसवतोय," साहेब म्हणाले होते. "मग हे हाताने मोजणं बंद."

"बसवा की," हेल्मेट चढवता चढवता भाची म्हणाली होती. "पण मामाने भरलेली हवा मी तपासत नाही."

हे ऐकून मामांची छाती दोन इंच फुगली होती. खोटं कशाला बोला?

मार्कर ठेवायला त्यांनी खिशात हात घातला. हाताला हवा मोजायचं नवं गेज लागलं. आज सकाळीच भाचीने आणून दिलेलं. "जुन्याला आता आराम करू दे," म्हणाली होती. जुनं समोर खिळ्याला लटकत होतं. ते चार पौंड कमी दाखवायचं. सगळ्यांना माहीत होतं, पण ते वापरायचे एकटे मामाच. काटा चोवीसवर आला की हात काढायचा, आत अठ्ठावीस झालेले असत. डोकं लागत नसे त्याला. हातच थांबे.

आजही हातच थांबला होता. चारही वेळा, चोवीसवर. आणि नवं गेज खरं बोलत होतं.

म्हणजे चारही टायरांत चोवीसच होते.

पहिली फेरी टायर तापवायची, सावकाश. दुसरी जीव तोडून. फेरी अडीच मिनिटांची, आणि त्यातलं एक मिनिट सही करण्यात आणि शहाणपण मिरवण्यात गेलं होतं. मामा धावले. गुडघ्याने नको म्हटलं तरी धावले.

साहेब ट्रॅकच्या कठड्यापाशी हेडफोन लावून उभे होते.

"गाडी आत बोलवा."

"का?"

जिभेवर उत्तर तयार होतं. चाकाचा नट सैल वाटतोय. तेवढं पुरलं असतं. नट आवळणारा मेकॅनिक तिथेच हात पुसत उभा होता. बिचाऱ्याने मामांसमोर कधी तोंड उघडलं नसतं. लांबून इंजिनाचा आवाज चढत चालला होता.

"हवा चुकली," मामा म्हणाले. "माझीच. चार पौंड कमी आहे."

 साहेबांनी माइकचं बटण दाबलं. "आत ये. वेग वाढवू नकोस. आत ये."

गाडी दिसेपर्यंत मामांनी श्वास घेतला की नाही, त्यांनाच ठाऊक नाही. ती वळली, हळू झाली, चारही चाकांवर आत आली. मामांना रडूच फुटायचं, पण कामं पडली होती.

टायर आता तापले होते, त्यांची हवा मोजण्यात अर्थ नव्हता. मांडणीवर मऊ टायरांचा दुसरा संच होता, गार. तोही सकाळी मामांनीच भरलेला. मामा खाली बसले. चोवीस, चोवीस, चोवीस, चोवीस. एकेक करून भरू लागले. भाची गाडीतून उतरून शेजारी येऊन उभी राहिली. काय झालं ते साहेबांनी तिला सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मामांनी मान वर केली नाही.

"झालं," शेवटी ते म्हणाले आणि गेज तिच्यापुढे धरलं. "बघून घे."

"मामा, मी नाही बघणार."

"बघ. मगच गाडीत बस."

ती उकिडवी बसली. "अठ्ठावीस," ती म्हणाली. मामांनी मघाचा आकडा पुसून फळ्यावर लिहिलं. "अठ्ठावीस." लिहिलं. "अठ्ठावीस."

चौथ्या चाकाशी ती थांबली. गेज काढलं, पुन्हा लावलं. मग मामांकडे पाहिलं. त्या नजरेतच मामांना आकडा कळला. साहेबांचं बोलणं कानावर पडत होतं तेव्हा हाच टायर हातात होता. मन तिकडे, आणि हात आपला थांबला होता तिथेच, चोवीसवर.

 तिने नळी ओढली, टायरच्या तोटीला लावली. हवा फुसफुसत आत गेली. कॉम्प्रेसरच्या घरघरीत ते साहेबांना ऐकूही गेलं नाही. तिने पुन्हा मोजलं.

"अठ्ठावीस," ती मोठ्याने म्हणाली. साहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मामांनी चौथा आकडा लिहिला. खाली मघाची सही तशीच होती. त्यांनी ती पंजाने पुसली आणि मार्कर तिच्या हातात दिला.