पवित्र पाण्याचे भांडे

कॅरिबियन किनाऱ्यावरचे कार्ताहेना बंदर पाहून दोह्याला परतलेला डग्लस बहिणीपुढे त्या शहराची यथेच्छ निंदा करीत होता. "दोन महिने पावसाचा थेंब नाही. चर्चच्या दारातलं पवित्र पाण्याचं भांडंही कोरडं. तरी एक म्हातारी खुणावते, बोट बुडव. मी आतली धूळ बोटावर घेऊन तिलाच दाखवली."

"थट्टा पुरे, दादूस. शुक्रवारी बाप्तिस्म्याला माझी लेक तुझ्याच हातांत असणार," लिडिया म्हणाली.

शुक्रवारी दोह्याच्या अल दुहैल भागातल्या लिडियाच्या बंगल्यात फादरांनी बाळाच्या मस्तकावर तीनदा पाणी ओतले. सुरई रिकामी झाली. खाली धरलेले ताट मात्र कोरडेच राहिले.

'यांना धड पाणीही ओतता येत नाही,' असे मनाशी म्हणत डग्लसने तुच्छतेने बाळाच्या कपाळावरून बोट फिरवले.

बोटावर धूळ आली.